बॉनेटवरचं आभाळ

नुकत्याच धुऊन पुसलेल्या गाडीचा फोटो नीट पाहिला, तर त्यात गाडी फारच थोडी असते. बॉनेटवर आभाळ असतं. दारांच्या खालच्या अंगाला रस्ता असतो, मधल्या पट्ट्यात समोरच्या सोसायटीची भिंत आणि एखादं झाड, आणि मागच्या दारावर फोन धरून उभा असलेला एक वाकडातिकडा माणूस, म्हणजे फोटो काढणारा. आपली नजर हे सगळं न सांगता वजा करते आणि आपल्याला लाल गाडी दिसते. संगणकाला ही वजाबाकी सहजी जमत नाही. गाडीच्या फोटोवरून व्हेक्टर चित्र करायला बसलेल्या माणसाचा बराचसा वेळ, आणि बराचसा वैताग, याच वजाबाकीत जातो.

व्हेक्टर म्हणजे काय हे डीटीपीच्या किंवा रेडियमच्या दुकानात बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. इतरांसाठी थोडक्यात: ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे. फोटो खूप मोठा केला की ठिपके उघडे पडतात. व्हेक्टरमध्ये ठिपकेच नाहीत. तिथे वक्ररेषा असतात आणि त्यांनी वेढलेल्या जागेचा रंग. वक्ररेषेचा प्रत्येक तुकडा चार बिंदूंनी ठरतो, आणि शेजारचे तुकडे टोकाचा बिंदू वाटून घेतात. त्यामुळे ३०० तुकड्यांत उभी केलेली गाडी साधारण १८०० आकड्यांत मावते. तेच आकडे व्हिजिटिंग कार्डाला पुरतात आणि बसच्या अंगभर चिकटवायलाही.

हे चार बिंदू आले कुठून? मोटारीच्याच कारखान्यातून.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गाडीचं अंग आधी मातीच्या नमुन्यात घडे. मग त्याची मापं, मापांवरून नकाशे, नकाशांवरून साचे. प्रत्येक टप्प्यावर नवा हात लागे आणि हात बदलला की वळणही थोडं बदले. आकड्यांच्या हुकमावर धातू कोरणारी यंत्रं आली होती, पण वळण आकड्यांत सांगायचं कसं हे ठरत नव्हतं. १९५८ साली फ्रान्सच्या सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो नावाचे तरुण गणिती रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी उत्तर लिहून काढलं. चार बिंदू घ्या. पहिला आणि चौथा ही वक्ररेषेची टोकं. मधले दोन सहसा रेषेवर नसतात, ते बाहेरून तिला आपल्याकडे ओढतात. आता बिंदू क्रमाने सरळ रेषांनी जोडा, तीन रेषा होतील. त्यांचे मध्य जोडा, दोन रेषा उरतील. त्या दोघींचे मध्य जोडा, एक उरेल. तिचा मध्य वक्ररेषेवर पडतो. मध्याऐवजी प्रत्येक वेळी एक दशांशावर खूण करा, दोन दशांशावर करा, वक्ररेषेवरचे आणखी बिंदू मिळत जातात. शाळकरी मुलाला पट्टी-पेन्सिल देऊन हे करता येईल, इतकं सोपं.

सिट्रोएनने ही रीत कुलपात ठेवली. तिकडे रेनोमध्ये १९३३ पासून काम करणारे इंजिनीअर पिएर बेझिए पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याच प्रश्नाला भिडले, वेगळ्या वाटेने त्याच वक्ररेषेपाशी पोचले, त्यावर युनिसर्फ ही संगणकीय आरेखनाची प्रणाली उभारली आणि साठच्या दशकात आपलं काम छापून जगापुढे ठेवलं. साहजिकच वक्ररेषेला नाव बेझिएंचं मिळालं. द कास्तेल्जोंच्या नावाने आज ओळखली जाते ती रेषा काढण्याची रीत. खरं तर दोघांच्याही हिशेबाखालचं बीजगणित सेर्गेई बर्नस्टाइन यांनी १९१२ मध्येच एका निव्वळ सैद्धांतिक सिद्धतेसाठी मांडलं होतं. तेव्हा त्याचा पत्र्याशी काही संबंध नव्हता.

पुढचं लवकर घडलं. १९८४ मध्ये अडोबीची पोस्टस्क्रिप्ट ही छपाईची भाषा आली, तिने बेझिए वक्ररेषा अक्षरांत भरल्या. १९८७ मध्ये इलस्ट्रेटर, १९८९ मध्ये कोरलड्रॉ. आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या फ्लेक्सपर्यंत सगळं ज्या कोरलवर चालतं, त्यातला नोड, म्हणजे दोन तुकडे जोडणारा बिंदू, आणि त्याला फुटणारे दोन हात हे त्या फ्रेंच पत्र्यांचेच वंशज. जेव्हा कुणी पेन टूल घेऊन गाडीचं छप्पर गिरवतो, तेव्हा त्याच्या हातात गाडीच्या रचनाकाराचंच गणित असतं. फरक इतकाच की रचनाकाराकडे पृष्ठभाग होता. याच्याकडे फक्त फोटो आहे, आणि फोटोत प्रतिबिंबं.

मग बटण दाबून ट्रेस का करू नये? करता येतं, आणि काळ्या-पांढऱ्या लोगोला ते छान जमतं. पीटर सेलिंगर यांनी २००१ मध्ये पोट्रेस हा मोफत प्रोग्राम केला. तो डागाची पायऱ्यापायऱ्यांची कड पकडतो, तिची बहुभुजाकृती करतो आणि मग कोपरे गोलावून वक्ररेषा बसवतो. रंगीत फोटो असेल तर असे प्रोग्राम रंगांची संख्या कमी करून हेच रंगागणिक करतात. गाडीवर मात्र दुहेरी घोळ होतो. एकच बॉनेट आभाळामुळे अर्धं पांढरं आणि अर्धं लाल, म्हणजे यंत्राच्या लेखी दोन वस्तू. उलट काळा टायर, मडगार्डची सावली आणि खालचं काळं प्लास्टिक मिळून एकच डाग. एकाचे दोन होतात, तिघांचा एक होतो. आणि दारावरचं झाड पानापानासकट शेकडो नोड घेऊन गाडीचा भाग बनतं.

हाताने काम करणारा झाड काढून टाकतो. पण सगळंच प्रतिबिंब काढून टाकलं तर गाडी पुठ्ठ्याची दिसते, कारण गोलाई दाखवणारं दुसरं काही तिच्यात फारसं नसतंच. पृष्ठभाग एका अंशाने कलला, की परावर्तित किरण दोन अंशांनी फिरतो. म्हणून पत्र्यावरचा बारीकसा बदलही प्रतिबिंबात ठळक होतो. दोन भाग कंगोरा न पडता जुळले, पण जोडापाशी वक्रता एकदम बदलली, तर बोटाला काही कळत नाही, प्रतिबिंबाच्या रेषेला मात्र तिथे मोड पडतो. गाडी बनवणारे पत्र्यावर सरळ प्रकाशपट्टे पाडून नेमका हाच मोड शोधतात. चित्रकाराच्या कामाचं प्रतिबिंब त्यामुळे एकच: क्षितिजाचं. वर उजळ आभाळ, खाली गडद जमीन, आणि दोघांमधली सीमा दारांच्या खांद्यावरून हेडलाइटपासून टेललाइटपर्यंत धावणारी. झाडं, माणसं, विजेचे खांब वगळून ही सीमा स्वच्छ, एका दमात काढली की पत्रा फुगतो. माझ्या मते चित्र इथेच साधतं किंवा बिघडतं. हेडलाइटमधली नक्षी कितीही बारकाईने काढली तरी ही रेषा चुकल्याची भरपाई होत नाही.

एका दमात म्हणजे कमी नोडमध्ये. दोन नोडच्या मधला तुकडा आपोआप सलग असतो, धोका नोडपाशी. तिथले दोन्ही हात एका रेषेत ठेवले तर कोपरा पडत नाही, पण वक्रता जुळेलच याची हमी नाही. म्हणजे प्रत्येक जादा नोड ही उंचवटा यायची एक जादा जागा. छपराची रेषा तीन-चार नोडमध्ये बसते. नवशिका तिथे वीस घालतो.

चाकांचं गणित निराळं. या वक्ररेषेला अचूक वर्तुळ येतच नाही. चार तुकडे जोडून केलेलं वर्तुळ दहा हजारांत तीन भागांहूनही कमी चुकतं, म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या टायरला जेमतेम ०.०८ मिलिमीटर. त्याची काळजी नको. काळजी फोटोची करावी. तिरक्या कोनातून चाक लंबवर्तुळ दिसतं, आणि त्याचा आखूड अक्ष आसाच्या दिशेने पडला नाही तर चाक निखळल्यासारखं वाटतं. शिवाय पुढच्या चाकापासून ३ मीटरवर उभं राहून फोटो काढला, तर अडीच मीटर मागचं चाक जवळजवळ साडेपाच मीटरवर असतं आणि पुढचं त्याच्या पावणेदोनपटीहून मोठं येतं. १२ मीटरवर मागे सरकून झूम केलं की हाच फरक सव्वापटीच्या आत येतो. चित्रासाठी फोटो लांबूनच काढावा.

रंगांचे दोन पंथ आहेत. एक ग्रेडियंट मेशचा. १९९८ च्या इलस्ट्रेटरमध्ये ही सोय आली: आकारावर जाळी टाकायची, जाळीच्या प्रत्येक गाठीला रंग द्यायचा, मधले रंग प्रोग्राम मिसळतो. जपानचे युकिओ मियामोतो यांनी या जाळीवर फोटोच वाटाव्यात अशा गाड्या काढल्या आहेत. कौशल्याला दाद द्यावीच, पण फोटोच हवा असेल तर फोटो होताच की! मला दुसरा पंथ जवळचा वाटतो, सपाट रंगांचा: तीन लाल, एक काळा, एक पांढरा. दोन सपाट छटा शेजारी आल्या की कडेपाशी उजळ छटा अधिक उजळ आणि गडद अधिक गडद भासते. पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात रंगाईचं खातं सांभाळणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात रंगांच्या शेजाराचा हा परिणाम सविस्तर मांडला. क्रोमचा बंपर त्याच्याच जिवावर चमकतो. राखाडी रंग घोटत बसण्याऐवजी वर फिका निळा, मध्ये धारदार काळी रेघ आणि खाली तपकिरी एवढं पुरतं.

रेडियमच्या दुकानात तर निवडीला वावच नसतो. कटिंग प्लॉटरची पाती रेषेवरून चालते. मिसळलेला रंग तिला कापता येत नाही आणि नोडांची गर्दी आली की ती अडखळून विनाईलचे कोपरे फाडते. तिथे प्रत्येक रंगाचा स्वतंत्र शीट लागतो आणि प्रत्येक शीटचे पैसे. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर गाडीचा फोटो पाठवतं आणि दोन रंगांत बसवायला सांगतं. मग दुकानदार बाह्यरेषा आणि काचा काळ्यात घेतो, आणि उरलेला एक रंग खांद्यावरच्या त्या क्षितिजाच्या पट्ट्याला देतो. लोगो, दारांचे हँडल, जाळीच्या पट्ट्या यांना पैसे उरले तर.