गवताच्या गंजीपासून ट्रॅक्टरपर्यंत

पेठ तालुक्यातला पाऊस आश्विनाअखेर ओसरला आणि डोंगरउतारांवरचे गवत कंबरभर वाढून फुलोऱ्यावर आले, म्हणजे गुरे बाळगणाऱ्या शेतकऱ्यापुढे दरसाल तोच पेच उभा राहतो. कारण ज्या दिवसांत गवत कापावयास हवे, नेमक्या त्याच दिवसांत भातही कापणीला आलेले असते आणि गावातले कितीतरी धडधाकट हात घाट ओलांडून दिंडोरी-निफाडकडील द्राक्षबागांत छाटणीच्या मजुरीला गेलेले असतात. फुलोऱ्यात कापून वाळवलेल्या गवतात जो कस असतो, तो बी झडून काडी झालेल्या गवतात उरत नाही. जनावर ते खाते, पण त्याच्या अंगी लागत नाही. ट्रॅक्टर घ्यावा काय, हा विचार अशा वेळी मनात येतो, आणि माझ्या मते त्याचा आरंभ गवताच्या गंजीपाशीच झाला पाहिजे. दुकानाच्या दारात उभे असलेले रंगीत यंत्र पाहून जो आरंभ करतो, तो बहुधा गरजेच्या दुप्पट अश्वशक्ती आणि ऐपतीच्या दुप्पट हप्ता घरी घेऊन येतो.

दहा मोठी जनावरे असलेले एक घर धरू. रानातला हिरवा चारा आटल्यानंतर जनावरामागे दिवसाला सहा किलो वाळले गवत व पेंढा एवढा माफक हिशेब केला, तरी पौषापासून ज्येष्ठातल्या पहिल्या पावसापर्यंतच्या सुमारे 170 दिवसांना दहा टनांचा साठा लागतो. सुट्या गवताने भरलेली ट्रॉली डोंगराएवढी दिसली, तरी तिच्यात माल असतो तो टन-सव्वा टनाचा. तेव्हा गवत आणि पेंढा मिळून आठ-दहा खेपा आणि चैत्र-वैशाखात खाचरांवर शेणखत टाकण्याच्या काही खेपा, एवढे हे काम आहे. त्यास 20 ते 30 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरून उरतो. जाहिरातीतला आकडा इंजिनाचा असतो आणि मागचे अवजार फिरवणाऱ्या पीटीओच्या दांड्यापर्यंत पोहोचेतो त्यातले दहा-पंधरा टक्के कमी होतात, ही वजावट धरूनही पुरतो. गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरला मात्र साधारणतः 35 ते 50 अश्वशक्ती लागते. पण वर्षातून चार दिवस चालणाऱ्या बेलरसाठी उरलेल्या दिवसांचा ट्रॅक्टर मोठा घेणे, यात शहाणपण नाही. चार-पाच गावांनी मिळून बेलर भाड्याने आणावा हे उत्तम. कडबाकुट्टीचेही तसेच: जेथे वीज आहे तेथे दोन-तीन अश्वशक्तीची मोटर हे काम मुकाट्याने करते, त्यासाठी ट्रॅक्टरचे डिझेल जाळणे ही उधळपट्टी होय.

या मुलुखाची भूमी पाहिली म्हणजे लहान यंत्राचा पक्ष आणखी बळकट होतो. भाताची खाचरे अरुंद आणि पायऱ्यांसारखी एकाखाली एक, त्यांचे बांध मातीचे, आणि आषाढात चिखल गुडघाभर. तेथे जड ट्रॅक्टर उतरला, तर एक तर तो बांध फोडतो किंवा स्वतःच रुततो. अशा ठिकाणी डांगी बैलाची योग्यता मला आजही यंत्राहून उणी वाटत नाही. नाशिक जिल्ह्याच्या या पश्चिम पट्ट्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरांत आणि लगतच्या डांग प्रदेशात घडलेली ही जात संततधार पावसात उभी राहून काम करते. तिच्या कातडीतून पाझरणारा तेलकट अंश पाणी अंगात मुरू देत नाही आणि तिचे काळे कठीण खूर खडकावरही झिजत नाहीत. घोटी आणि राजूरच्या बाजारांत या जनावरांची पारख करणारे वृद्ध अजून आहेत. ट्रॅक्टर घेतला म्हणून बैलजोडी विकून टाकण्याची घाई करणाऱ्यास माझी कळकळीची विनंती आहे की, दोन पावसाळे तरी त्याने थांबावे. चिखलणी बैलांनी करावी, ओढणी ट्रॅक्टरने करावी; ही वाटणी येथील मातीला मानवते.

ओढणी म्हटली की उतार आला. नाशिक-पेठ रस्त्यावरील सावळघाट आणि कोटंबीचा घाट ज्याने भरलेल्या ट्रॉलीनिशी उतरून पाहिला आहे, त्याला ब्रेकचे महत्त्व सांगावे लागत नाही. तेलात बुडालेले ब्रेक पावसापाण्यात आणि चिखलात अधिक भरवशाचे, म्हणून चार पैसे जास्त पडले तरी तेच घ्यावेत. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक निरनिराळे असतात, शेतात जागच्या जागी वळावयाला त्यांचा उपयोग. परंतु रस्त्यावर येताच ते दोन्ही पायटे कडीने एकत्र जोडले नाहीत, तर एकच चाक अडते आणि सगळा डोलारा आडवा होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी गिअर सुटा करून उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. गवताच्या उतारावर आडवे चालणाऱ्या ट्रॅक्टरची चाके शक्य तितकी रुंद अंतरावर लावलेली असावीत, आणि विकत घेतानाच ती तशी सरकवता येतात की नाही, हे विचारून घ्यावे.

गवतातल्या कामाचे आणखी काही विशेष धोके आहेत, आणि सपाटीवर ऊस-कांद्याची शेती करणाऱ्याचा सल्ला तेथे उपयोगी पडत नाही. कुसळी गवताची कुसळे रेडिएटरच्या जाळीवर नमद्यासारखी बसतात. वारा अडतो, पाणी उकळते, आणि चालक समजतो की इंजिनच खराब निघाले. जाळी हाताने बाहेर ओढून झटकता येते का, एअर फिल्टर हत्याराशिवाय उघडतो का, या बाबी विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ठळक नसतात. गवतवाल्याने त्याच आधी पाहाव्यात. सायलेन्सर जमिनीकडे वळलेला असेल तर वाळल्या गवतात ती पेटती काडीच समजावी. तो वर तोंड केलेला असावा, आणि तसा असला तरी चालू ट्रॅक्टर गंजीला खेटून उभा करू नये.

आता विश्वासार्हतेविषयी. 1974 साली खुद्द नाशिक येथे किर्लोस्करांनी जर्मनीतील दॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टरचा कारखाना काढला होता. पुढे ते उत्पादन थांबले. कारखाना थांबला तरी शेतात उभे असलेले यंत्र थांबवून चालत नाही, आणि मग त्याची सारी मदार सुट्या भागांवर व ते बसवणाऱ्या मिस्त्रीवर येते. म्हणून मी नेहमी सांगतो: आपल्या गावापासून सकाळी निघून दुपारपर्यंत ज्याचा क्लचपाटा, डिझेल फिल्टर आणि पाण्याचा पंप घेऊन परत येता येते, तो ट्रॅक्टर विश्वासू. करंजाळी किंवा पेठ येथील मिस्त्रीने ज्याचे इंजिन चार वेळा उघडले आहे, त्यास दिल्लीच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. तथापि कागदोपत्री तुलना करावयाची असेल, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथे 1955 पासून असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेचे चाचणी-अहवाल पाहावेत. पीटीओवर मिळालेली शक्ती, तासाचे डिझेल आणि लिफ्टने उचललेले वजन त्यांत मोजून दिलेले असते.

पुष्कळांना जुनाच ट्रॅक्टर परवडतो, आणि नाशिकच्या द्राक्षबागांतून निघालेले अरुंद बांध्याचे लहान ट्रॅक्टर आपल्या खाचरांच्या वाटांना चांगले बसतात. पण त्यांनी आयुष्य फवारणीत घालवलेले असते हे विसरू नये: पीटीओचा क्लच झिजलेला, आणि मोरचुदाच्या फवाऱ्याने मागचे लोखंड खाल्लेले. आरसी बुकावर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पाहावी आणि चासीवरचा क्रमांक त्या दस्तऐवजाशी स्वतः ताडून घ्यावा.

असा एक सौदा मी जवळून पाहिला. घेणारे गृहस्थ सत्तरीचे होते. त्यांनी किमतीचा शब्द काढण्यापूर्वी इंजिनावर तळहात ठेवला. ते कोमट होते. “दादा, हा आज सकाळीच चालू करून ठेवलेला दिसतो, थंड झाल्यावर बघू,” एवढे बोलून ते बांधावर जाऊन बसले. दोन तासांनी यंत्र सुरू झाले, तेव्हा त्यांनी आधी धूर पाहिला, निळा आहे की काळा ते; मग तेलाची पट्टी काढून बोटावर तेल चोळले, त्यात पाण्याचा पांढरेपणा नाही ना म्हणून; मग ब्रीदरच्या नळीवर हात धरून वाफेचा जोर अजमावला. शेवटी भाताची चार पोती लिफ्टवर चढवून ती उचलली, इंजिन बंद केले, पोत्यांच्या तळाशी लाकडाच्या खांबावर कोळशाने रेघ ओढली आणि चहा मागवला. अर्ध्या तासाने पोती त्या रेघेखाली वीतभर आली होती. त्यांनी कोळसा खाली टाकला, धोतराला हात पुसले आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावयास सांगितला.