मुद्रित पृष्ठांच्या प्रतिमांची सफाई आणि पाठनिष्ठा

जुन्या मुद्रित ग्रंथांचा अभ्यास आता पुष्कळदा स्कॅन केलेल्या प्रतिमांवरून होतो. या प्रतिमा अभ्यासकाच्या हाती येण्यापूर्वी फोटोशॉप किंवा गिम्प यांसारख्या प्रणालींत त्यांची अनेकदा सफाई झालेली असते. कागदाचा पिवळेपणा, डाग, मागील पृष्ठाची उमटलेली शाई हे सारे काढून टाकलेले असते. हे काम केवळ तांत्रिक समजले जाते. वस्तुतः ती पाठसंपादनाचीच एक पायरी होय. कारण डाग कोणता आणि अक्षराचा अवयव कोणता, याचा निर्णय तीत घ्यावा लागतो.

मराठीच्या संदर्भात हा निर्णय विशेष नाजूक आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. तत्पूर्वीच्या मुद्रणात मात्र ते व्याकरणिक कार्य करीत असत. ‘तें आलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, तर ‘ते आले’ हे पुल्लिंगी अनेकवचन किंवा आदरार्थी रूप. मूल आले की वडील आले, हा भेद दोन टिंबांवर अवलंबून असतो. ती टिंबे पुसली गेली तरी उरलेले वाक्य व्याकरणशुद्धच राहते; म्हणून हा पाठभ्रंश सहसा लक्षातही येत नाही.

तो कसा घडतो, हे पाहणे उद्बोधक आहे. फोटोशॉपमधील ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ हा फिल्टर प्रत्येक बिंदूची तुलना सभोवतालच्या बिंदूंशी करतो आणि वेगळ्या दिसणाऱ्या बिंदूला परिसराच्या मध्यकाचे मूल्य देतो. अर्धा मिलिमीटर व्यासाचे टिंब इंचाला ३०० बिंदू या घनतेवर सुमारे ६ बिंदू रुंद असते. फिल्टरची त्रिज्या ५ बिंदू ठेवल्यास टिंबाभोवतीच्या परिसरात पांढऱ्या कागदाचे बहुमत होते आणि टिंब नाहीसे होते. घनता ६०० असल्यास तेच टिंब सुमारे १२ बिंदूंचे होते व त्याचा गाभा टिकू शकतो. येथे सीमामान वाढवूनही संरक्षण मिळत नाही. त्या मर्यादेपेक्षा अधिक भिन्न असलेले बिंदूच बदलले जातात. परिणामी कागदावरील फिकट डाग शिल्लक राहतात आणि ठळक काळा अनुस्वार प्रथम बळी पडतो.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. बंगालीत ‘ब’ आणि ‘र’ या अक्षराकृतींतील भेद खालच्या टिंबाचा आहे. उर्दूत बे, पे, ते ही अक्षरे टिंबांची संख्या आणि स्थान यांवरून ओळखली जातात. तमिळमध्ये स्वरहीन व्यंजन पुळ्ळी या टिंबाने दर्शविले जाते. अनेक भाषांतील मुद्रिते एकत्र अभ्यासणाऱ्याने सर्वांना एकच स्वयंचलित फिल्टर लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यावरून काही पथ्ये निष्पन्न होतात. पृष्ठ रंगीत आणि शक्यतो ६०० घनतेवर स्कॅन करावे. पानामागे काळा कागद ठेवल्यास पलीकडील शाई कमी उमटते. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात अस्पर्शित ठेवून काम प्रतीवरच करावे. पिवळे-तपकिरी डाग लाल वाहिनीत सर्वांत फिकट दिसतात. तेवढ्यानेच पुष्कळ सफाई साधते. उरलेला फिकेपणा ‘लेव्हल्स’ने दुरुस्त करावा. तिरपे पान एकदाच फिरवावे, कारण प्रत्येक फेरफारीत अक्षरांच्या कडा बोथट होतात. क्लोन स्टॅम्प समासात निःशंक वापरावा. शिरोरेषेच्या वर व अक्षरांच्या खाली मात्र प्रत्येक ठिपका मूळ प्रतिमेशी ताडूनच काढावा. संदिग्ध ठिपका तसाच राहू द्यावा.

शेवटचे पथ्य नोंदीचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत स्वीकृत पाठाखाली पाठभेद दिलेले आहेत. संपादकाचा निर्णय तपासण्याची सोय वाचकाला त्यामुळे मिळते. प्रतिमेवर कोणती प्रक्रिया कोणत्या प्रमाणात केली, याची नोंद आणि मूळ प्रतिमा उपलब्ध असणे ही तशीच सोय होय. तिच्या अभावी स्वच्छ दिसणाऱ्या पृष्ठावरून लिंग, वचन वा आदरार्थ यांविषयी काढलेला निष्कर्ष ग्रंथकर्त्याच्या भाषेचा आहे की फिल्टरच्या त्रिज्येचा, हे ठरविता येणार नाही.