तो दगड नव्हता

मी चंद्रपूरचा. पोहायला शिकलो इरई नदीत आणि समुद्र पाहिला तो चाळिशी उलटल्यावर. त्याआधी माझ्या कवितांत समुद्र बऱ्याचदा येऊन गेला होता, पण तो सगळा इरईच्या पुरावर भागवलेला. त्यामुळे मालवणच्या किनाऱ्यावर मुलगी म्हणाली, "अब्बा, आता पाण्याखाली बघायचं," तेव्हा मी आधी खर्च विचारला आणि मग घाबरलो.

पाण्याखाली बघण्याचे दोन प्रकार आहेत. एक स्नॉर्कलिंग. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात वाकडी नळी, अंगात लाइफ जॅकेट. पालथं पडून तरंगायचं, चेहरा पाण्यात, श्वास नळीतून तोंडानं. दुसरा स्कूबा. पाठीवर दाबून भरलेल्या हवेची टाकी घेऊन खाली उतरायचं. दहा मीटरवर अंगावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. कान त्याच्या कितीतरी आधी दुखू लागतात, म्हणून नाक चिमटीत धरून हवा हळूच कानांकडे ढकलत उतरतात. वर येताना मात्र श्वास कधीच रोखून धरायचा नाही. छातीतली हवा वर येता येता फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. मी पहिला प्रकार निवडला, हे सांगायला नकोच.

होडी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जवळ थांबली. ओहोटी होती. पाणी चित्रातल्यासारखं निळं नव्हतं, हिरवट होतं. थोड्या वेळानं नजर बसली आणि पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे दिसू लागले. तेवढ्यात मुखवट्यात पाणी शिरलं. मी गडबडलो, पाय खाली सोडले आणि एका गोल दगडावर उभा राहिलो. बरोबरचा मालवणी पोरगा ओरडला, "काका, पाय काढा! दगड न्हय तो!"

ते प्रवाळ होतं. आपण पोवळं म्हणतो, उर्दूत मर्जान. माझ्या आजीच्या तस्बीहीत दोन लाल मणी होते, तेवढीच माझी त्याच्याशी ओळख. पण दागिन्यातलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं, ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. मालवणला आहे ते खडक बांधणारं प्रवाळ. एकेक जीव बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान, तोंडाभोवती बारीक शुंडकं. असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुनखडीचं घर बांधत जातात. चुनखडी आम्हाला नवी नाही. आमच्याकडच्या सिमेंट कारखान्यांना लागणारा दगडही एका प्राचीन समुद्राच्या तळाशीच साचला, फक्त तो समुद्र इतका जुना की त्यात प्रवाळ जन्मालाच आलं नव्हतं. गोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. मी ज्यावर उभा होतो ते चांगलं परातीएवढं होतं. वयाचा हिशेब तुम्हीच करा.

या जीवांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. प्रवाळाचा रंगही बव्हंशी त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ हे शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे, उपाशी. पाणी लवकर निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. 1998 साली जगभर असं झालं, 2016च्या सुमारास पुन्हा झालं, आणि 2024 साली लक्षद्वीपची प्रवाळंही मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली.

तापलेला समुद्र आपल्याला एका दिवसात निववता येणार नाही. पण प्रवाळावर नांगर टाकणं, माशांना बिस्किटं चारणं, आठवण म्हणून तुकडा तोडणं, त्यावर उभं राहणं, हे तर आपल्याच हातापायांचं काम. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. वन्यजीव कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत ताडोबाचा वाघ आहे, तिच्यात 2001पासून हे प्रवाळही आहे. ताडोबात जिप्सीतून पाय खाली ठेवायचा नाही, हे आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असतं. मीच किती पाहुण्यांना ते दटावून सांगितलंय! आणि इथं मी दोन्ही टाचा टेकवून उभा.

"मेलं असेल का रे?" मी होडीत त्या पोराला विचारलं. तो म्हणाला, वरचे जीव चिरडले असतील. बाजूचे जगले तर हळूहळू पसरून जागा भरतील, त्याआधी तिथं शेवाळ बसलं तर कठीण.

मुलीनं मुखवट्याचा पट्टा घट्ट करून दिला आणि मी पुन्हा उतरलो. थोड्या वेळानं पाणी परत शिरलं. या वेळी पाय वर उचलून धरले आणि होडीच्या कडेला लोंबकळतच मुखवटा नीट केला.