ठणका गेला, गोळी राहिली
‘डॉक्टरची चिठ्ठी’ : लेखांक नववा

मागच्या आठवड्यात दुखण्याच्या गोळ्या आणि मूत्रपिंड यांचं वैर पाहिलं. आज त्याच धाग्यातली पुढची गाठ, म्हणजे यूरिक ॲसिड आणि त्यातून होणारा गाउट.

आपल्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी सरली की मंडयांचे दिवस येतात. भाऊबीजेपासून गावागावाची पाळी लागते. घरात पाहुण्यांची रीघ, चुलीवर मटण, रात्रभर दंडार नाहीतर नाटक, आणि ज्यांना चालते त्यांच्यासाठी मोहाची. दिवसा धानाच्या बांधीत घाम गाळलेला असतो, पाणी मात्र आठवेल तेव्हाच प्यालेलं. अशाच एखाद्या पहाटे पायाचा अंगठा ठणकायला लागतो. सांधा लाल, गरम, चकचकीत. पांघरूण लागलं तरी जीव कळवळतो. मुरगळला असेल, काहीतरी चावलं असेल, असं म्हणत उजाडतं.

पेशींची रोजची मोडतोड आणि आपलं खाणं यांतून यूरिक ॲसिड तयार होतं. त्यातलं बरंचसं लघवीवाटे जातं. रक्तात ते विरघळून राहतं, पण दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंतच. त्यापुढे, उरलेल्या पाकात तळाशी साखर बसावी तसे त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात बसू लागतात, आणि त्यातही अंगठ्यासारख्या गार जागी आधी. एक दिवस शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. ठणका त्या लढाईचा असतो.

पहिला झटका काहीही न करता आठ-पंधरा दिवसांत उतरतो आणि फसगत तिथेच होते. त्या दिवसांत जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं: लेप, काढा, आठवडी बाजारातली ‘वाताची पुडी’. या बिननावाच्या पुड्यांबद्दल एवढंच सांगतो, की सकाळी पुडी घेतली आणि दुपारी माणूस चालू लागला, तर तीत स्टेरॉइड असल्याचा संशय धरावा. स्टेरॉइड हे गाउटचं खरंखुरं औषध आहे, पण मोजून, मोजक्या दिवसांसाठी, साखर आणि रक्तदाब पाहून द्यायचं. महिनोन्‌महिने पुडी खाऊन मग एकाएकी सोडणं जिवावर बेतू शकतं.

गाउटच्या चिठ्ठीवर दोन वेगळ्या कामांची औषधं असतात, आणि माझ्या मते निम्मा घोळ ही दोन खाती एक समजण्यातून होतो. एक खातं ठणका विझवणारं: कोल्चिसीन, सूज उतरवणाऱ्या गोळ्या, कधी स्टेरॉइड. ती थोडे दिवस घ्यायची. दुसरं खातं यूरिक ॲसिड उतरवणारं: ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट. ती दुखो न दुखो, रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. लोक नेमकं उलटं करतात. दुखलं की ॲलोप्युरिनॉल गिळतात, थांबलं की बंद. ठणक्यावर या गोळीचा काही उपयोग नसतो. स्फटिक विरघळायला महिने लागतात.

त्याहून अवघड गोष्ट अशी, की ही गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. रक्तातलं यूरिक ॲसिड उतरलं की जुने साठे सुटे होतात, त्यांतले स्फटिक सांध्यात मोकळे पडतात आणि पुन्हा लढाई पेटते. हे आधी कोणी सांगितलेलं नसेल, तर माणूस म्हणणारच, ‘डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळीनं तं आणखीनच वाढलं!’ म्हणून ॲलोप्युरिनॉल साधारणतः रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेवर सुरू करतात, मूत्रपिंड अधू असेल तर आणखी कमी, आणि काही आठवड्यांच्या अंतरानं रक्त तपासत वाढवतात. सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसीनची छोटी मात्रा देतात. झटका आला तर त्याचं औषध वेगळं घ्यायचं, रोजची गोळी चालूच ठेवायची. यूरिक ॲसिड ६ च्या खाली आणून तिथं टिकवायचं, आणि कानावर किंवा बोटांवर गाठी धरल्या असतील तर ५ च्या खाली. ‘गोळी चालू आहे’ एवढ्यानं भागत नाही, आकडा उतरला का ते पाहावं लागतं.

मात्र एका प्रसंगी गोळी तत्काळ थांबवायची. अंगावर पुरळ उठलं, ताप आला, तोंड आलं किंवा डोळे लाल झाले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ॲलोप्युरिनॉलची ही प्रतिक्रिया क्वचित येते, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत. पण आली तर प्राणघातक ठरू शकते. घामोळं समजून पावडर लावत बसू नये.

हे औषध मुळात गाउटसाठी शोधलेलं नव्हतं. अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज कॅन्सरच्या एका औषधाचं शरीरात होणारं विघटन रोखायला काही शोधत होते. त्या कामात यूरिक ॲसिड तयार करणारं विकरच अडवलं जातं, हे ध्यानात आलं. १९६६ पासून ते गाउटसाठी आहे; दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी, की ॲझाथायोप्रीन हे औषध त्या कॅन्सरच्या औषधाच्याच कुळातलं आहे. मूत्रपिंड बदललेल्यांना किंवा काही संधिवातांत ते देतात. सोबत ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट पडलं, तर ॲझाथायोप्रीन शरीरात साठून रक्तपेशी घटतात. नागपूरच्या मेडिकल कॉलेजची चिठ्ठी एका पिशवीत आणि गावातल्या डॉक्टरची दुसऱ्या पिशवीत, असं असेल तर ही गाठ कोणाच्याच लक्षात येत नाही.

पिशवीवरून आठवलं. दुकानदार कात्रीनं पट्टी कापून चार गोळ्या देतो. नाव एका तुकड्यावर जातं, मुदत दुसऱ्यावर, आपल्या हाती नुसता चंदेरी कागद. नाव असलेला तुकडा मागून घ्या, किंवा पूर्ण पट्टीच घ्या. फेबुक्सोस्टॅट असेल तर हृदयविकार झाला असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी त्याबाबत ठळक इशारा दिला. पुढच्या एका मोठ्या अभ्यासात तो धोका दिसला नाही, पण सांगायला काय जातं?

कोल्चिसीन मात्र चिठ्ठीवर आहे त्याहून एक गोळीही जास्त नको. जुलाब लागले तर ती जास्त होत असल्याची खूण समजा आणि डॉक्टरांना विचारा. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक सोबत आलं की ती विषारी होऊ शकते. आपल्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी आहे ना, तिच्यातही हेच रसायन असतं. तामिळनाडूत तिची शेती होते ती त्यासाठीच. तिचा कंद कोणी ‘वातावर’ सुचवला तर हात जोडा. तो जीव घेतो.

आता ज्यांना अंगठा कधी दुखलाच नाही, पण पॅकेजच्या तपासणीत ७.४ आकडा तारांकित होऊन आला, त्यांच्याविषयी. बहुतेकांना गोळीची गरज नसते. उलट ऐन झटक्यात आकडा साधारणही येऊ शकतो, म्हणून झटका उतरल्यावर दोन आठवड्यांनी तो पुन्हा पाहावा. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. सांधे दुखणारे पुष्कळ निघाले, गाउटचे मात्र अगदी थोडे. गुडघा दुखतो म्हणून प्रत्येकाला यूरिक ॲसिडची गोळी लावण्यात अर्थ नाही.

आणि डाळ सोडू नका. मटण, काळीज, झिंगे, सुकट, दारू, गोड शीतपेयं यांनी धोका वाढतो. डाळी, पालक यांनी वाढल्याचं दिसत नाही, आणि दूध-दही तर उपकारक.

रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असेल, तर यूरिक ॲसिड चढतं. डॉक्टरांना दाखवा, ती बदलून देता येते. आपणहून बंद करू नका. क्षयरोगाच्या उपचारात पहिले दोन महिने पायराझिनामाइड असतं. त्यानंही हा आकडा चढतो, कधी सांधे दुखतात. ते बहुधा त्या दोन महिन्यांपुरतंच. सांधे दुखले तर उपचार केंद्रात जाऊन सांगा, पण तो आकडा पाहून क्षयाची गोळी सोडू नका.