गर्भवतीची दृष्टी आणि नवा चष्मा

घरातील स्त्रीस दिवस गेले की तिच्या आहाराची आणि विश्रांतीची काळजी सारे घर वाहते. परंतु सातव्या-आठव्या महिन्यात ती म्हणू लागली की, “चष्मा असूनही अक्षरे पुसट दिसतात,” तर आपण काय करतो? एक तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देतो, नाही तर तडक चष्म्याच्या दुकानाची वाट धरतो. तत्पूर्वी डोळ्यात नेमके काय घडत असते, ते पाहू या.

डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेला एक पारदर्शक पडदा असतो. त्यास स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. तरीही प्रकाशकिरण वळवून एकत्र आणण्याचे सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. साहजिकच त्याच्या आकारात अल्पसा फरक पडला, तरी तो दृष्टीला जाणवतो.

गर्भारपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन ही संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, रक्तात कितीतरी पटींनी वाढतात. त्यांच्या प्रभावाने शरीर पाणी धरून ठेवते आणि स्वच्छमंडलही त्याला अपवाद नसते. ते किंचित जाड होते, त्याचा बाक बदलतो. अश्रू कमी झाल्यास डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वर्षानुवर्षे कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या स्त्रीलाही ती एकाएकी खुपू लागते, ती यामुळेच. अशा वेळी लेन्स काढून ठेवून चष्मा वापरावा.

हा बदल बहुधा तात्पुरता असतो. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत, किंवा मूल अंगावर पिणे थांबल्यावर, डोळा पूर्वस्थितीस येतो. म्हणून फारशी अडचण नसेल, तर नव्या चष्म्याची घाई करू नये; आज घेतलेला चष्मा बाळाच्या बारशानंतर निरुपयोगी ठरण्याचा संभव असतो. चष्म्याचा नंबर घालविण्याची लेसर शस्त्रक्रियाही या काळात करीत नाहीत. डोळ्यात कोणतेही औषध घालण्यापूर्वी आपण गरोदर असल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

मात्र एक भेद पक्का ध्यानात ठेवा. हळूहळू आलेला पुसटपणा वेगळा आणि अचानक आलेला वेगळा. पाचव्या महिन्यानंतर एकाएकी अंधारी आली, डोळ्यांपुढे ठिणग्या चमकल्या, जोडीला तीव्र डोकेदुखी किंवा चेहऱ्यावर सूज असली, तर तो दोष चष्म्याचा नव्हे. रक्तदाब धोकादायकरीत्या वाढल्याची ती खूण असू शकते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही हे घडू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आई आणि बाळ दोघांचे प्राण त्यावर अवलंबून असतात. मधुमेह असलेल्या गर्भवतीने डोळ्यांच्या आतील पडद्याचीही तपासणी करून घ्यावी.

२०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. तेथे रक्तदाब मोजून घेताना दृष्टीची तक्रारही न संकोचता सांगावी.