‘काम झाले आहे’ हे इंग्रजीत कसे लिहावे?

आज एका लहानशा इंग्रजी वाक्याबद्दल बोलायचे आहे. वाक्य चार-पाच शब्दांचे. पण ते चुकले म्हणजे माणसाचे काय नुकसान होते हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून व्याकरणाकडे वळण्यापूर्वी तेवढी हकिगत सांगतो.

माझ्या वर्गात एका शेतकऱ्याचा मुलगा होता. अभ्यासात चांगला, स्वभावाने भिडस्त. वसतिगृहात जागा मिळावी म्हणून त्याने इंग्रजीत अर्ज केला. वडिलांनी दुभती म्हैस विकून पैसे उभे केले होते आणि फी बँकेत भरूनही झाली होती. पोराने अर्जात लिहिले, ‘द फी इज बीइंग पेड.’ त्याच्या मनात होते, फी भरलेली आहे. कागदावर उमटले, फी भरली जात आहे. वाचणाऱ्याने साहजिकच अर्ज बाजूला ठेवला. फी भरून होऊ दे, पावती येऊ दे, मग पाहू. पावती तर मुलाच्या खिशात! शेवटची तारीख उलटली, जागा दुसऱ्याला गेली आणि वर्षभर हा मुलगा पहाटेच्या एस.टी.ने ये-जा करीत राहिला. मी कुणाला दोष देत नाही. वाचणाऱ्याने जे लिहिले होते तेच वाचले.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्राने १९६४ साली राजभाषेचा कायदा करून मराठीला कारभाराची भाषा केले, मग ही उठाठेव कशाला? बरोबर आहे. पण विद्यापीठ, बँक, कंपनी, परप्रांतातील कचेरी, अशा ठिकाणी आपल्या मुलांना इंग्रजीत लिहावे लागतेच. आणि अशा पत्रात सर्वांत जास्त वेळा सांगायचे असते ते हेच, की अमुक काम झाले आहे, किंवा अजून झालेले नाही.

आता रचना पाहू. या वाक्यात कर्म पुढे येते, त्यानंतर ‘हॅज’ किंवा ‘हॅव’, त्यानंतर ‘बीन’ आणि शेवटी क्रियापदाचे तिसरे रूप. ‘द फॉर्म हॅज बीन सेंट’ म्हणजे फॉर्म पाठवण्यात आला आहे. ‘द फॉर्म्स हॅव बीन सेंट’ म्हणजे फॉर्म पाठवण्यात आले आहेत. एकाला ‘हॅज’, अनेकांना ‘हॅव’. यादी अनेक विद्यार्थ्यांची असली तरी यादी एकच, म्हणून ‘द लिस्ट ऑफ स्टुडंट्स हॅज बीन प्रिपेअर्ड’ असेच लिहावे. शेवटचे रूप तिसरेच हवे. ‘बीन रोट’ नव्हे, ‘बीन रिटन’.

या तीन भागांतला प्रत्येक भाग आपले काम करतो. ‘हॅज’ सांगतो की गोष्ट आजची आहे. ‘बीन’ आणि तिसरे रूप मिळून सांगतात की काम पुरे झाले. म्हणजे काम काल झाले असेल, परवा झाले असेल. पण त्याचे फळ आज हातात आहे, असा सबंध वाक्याचा भाव. ‘द फी हॅज बीन पेड’ हे वाक्य भूतकाळाची बातमी देत नाही. आजची स्थिती सांगते: फी बाकी नाही.

हे ध्यानात आले की पहिली मोठी चूक आपोआप टळते. आपली मुले लिहितात, ‘द फी हॅज बीन पेड यस्टर्डे.’ हे चालत नाही. का? कारण ‘हॅज’ने वाक्य आजमध्ये उभे केले आणि ‘यस्टर्डे’ त्याला कालमध्ये ओढू लागला. एका बैलाने बांधाकडे ओढायचे आणि दुसऱ्याने विहिरीकडे, तर गाडी चालेल का? तारीख, वार, ‘काल’, ‘गेल्या वर्षी’ असा संपून गेलेला काळ सांगायचा असेल तर ‘वॉज’ वापरा: ‘द फी वॉज पेड यस्टर्डे.’ दोन्ही सांगायचे असेल तर दोन वाक्ये करा. आधी, ‘द फी हॅज बीन पेड.’ मग, ‘इट वॉज पेड ऑन द फिफ्थ ऑफ जून.’ पहिले वाक्य वाचणाऱ्याची काळजी मिटवते, दुसरे पुरावा देते.

‘सिन्स’ची गोष्ट मात्र वेगळी. ‘सोमवारपासून’ म्हणताना काळ सोमवारी सुरू होतो आणि आजपर्यंत पोहोचतो, म्हणून तो या रचनेत बसतो. आपण मराठीत ‘पूल सोमवारपासून बंद आहे’ म्हणतो, आणि त्या ‘आहे’वर भुलून मुले ‘इज क्लोज्ड सिन्स मंडे’ लिहितात. शुद्ध वाक्य आहे, ‘द ब्रिज हॅज बीन क्लोज्ड सिन्स मंडे.’

आता ‘बीन’ आणि ‘बीइंग’. बोलताना दोन्ही जवळजवळ सारखे कानावर पडतात, म्हणून हातून घोटाळा होतो. लिहिताना बी, ई, ई, एन हे झालेल्या कामाचे. बी, ई, आय, एन, जी हे चाललेल्या कामाचे. रस्त्यावर अजून खडी पडते आहे तोवर ‘द रोड इज बीइंग रिपेअर्ड’. खडी, डांबर, रोलर सगळे होऊन गाड्या धावू लागल्या की ‘द रोड हॅज बीन रिपेअर्ड’. ‘हॅज बीइंग’ अशी जोडी मात्र इंग्रजीत या कामासाठी कधीच येत नाही. ती दिसली की खोडून टाका.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पुढचा मुद्दा खास तुमच्यासाठी. ‘मी अर्ज पाठवला आहे’ या मराठी वाक्याचा प्रयोग कोणता? अर्जाऐवजी चिठ्ठी घातली की क्रियापद ‘पाठवली आहे’ होते. ते कर्माप्रमाणे बदलते, म्हणून आपण वर्गात कर्मणी प्रयोग शिकवतो. ते बरोबरच आहे. पण या वाक्याचे इंग्रजी ‘आय हॅव सेंट द अ‍ॅप्लिकेशन’ असे होते, आणि इंग्रजीत ते कर्तरी आहे! तेव्हा मराठीतला कर्मणी तोच इंग्रजीतला पॅसिव्ह, असे समीकरण मुलांना देऊ नका. त्यांना जवळची खूण द्या. करणाऱ्याचे नाव गाळून ‘पाठवण्यात आला आहे’, ‘पाठवला गेला आहे’ असे म्हणता येत असेल, तर तेथे ‘हॅज बीन’ घालावे. करणारा स्वतः वाक्यात उभा असेल, ‘मी’, ‘आम्ही’, ‘सरपंचांनी’, तर बहुधा साधे ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ पुरते.

याच गोंधळातून दोन उलटसुलट चुका निघतात. एक, ‘बीन’ विसरणे: ‘द अ‍ॅप्लिकेशन हॅज सेंट.’ याचा अर्थ अर्जानेच काहीतरी पाठवले असा होतो. दुसरी, नको तेथे ‘बीन’ घुसवणे: ‘अ‍ॅन अ‍ॅक्सिडेंट हॅज बीन हॅपन्ड’, ‘द सर्टिफिकेट हॅज बीन एक्स्पायर्ड’. अपघात कोणी ‘घडत’ नाही, तो घडतो. दाखल्याची मुदत आपोआप संपते. ज्या क्रियापदाला कर्मच नाही, त्याचा पॅसिव्ह कुठून येणार? तेथे ‘हॅज हॅपन्ड’, ‘हॅज एक्स्पायर्ड’ एवढेच लिहावे.

ही रचना वापरावी कधी? करणारा कोण हे महत्त्वाचे नसेल, किंवा सर्वांना ठाऊक असेल, तेव्हा. ‘युअर लेटर हॅज बीन रिसीव्हड’ यात पत्र कोणी उघडले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण या रचनेत करणारा लपतो, हा तिचा गुण तोच तिचा दोष. १८७६ सालच्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी काँग्रेसला आपले शेवटचे वार्षिक निवेदन पाठवले. कारभारात चुका झाल्याचे त्यांनी नेमक्या याच रचनेत सांगितले. मात्र त्यांनी त्याला जोडून ‘मी कबूल करतो’ असेही म्हटले, म्हणून करणारा अगदीच पडद्याआड गेला नाही. आपणही एवढे पाळावे. शाळेची पुस्तके हरवली तर ‘द बुक्स हॅव बीन लॉस्ट’ लिहून मोकळे होऊ नये. कोणाकडून हरवली, हे पुढच्या ओळीत स्पष्ट लिहावे. जबाबदारीच्या जागी ‘आय हॅव’ लिहिणे हेच सरळपणाचे.

शेवटी शिकवण्याबद्दल. आपण वर्षानुवर्षे ‘रामा ईट्स अ मँगो’ची उलटापालट करून घेत आलो. रामा आणि आंबा जागा बदलतात, मुलाला गुण मिळतात. पण असे वाक्य लागते कुठे, हे त्याला कळत नाही. त्यापेक्षा फळ्यापाशी चला. एका मुलाला फळा पुसायला लावा. तो पुसत असताना वर्गाने म्हणावे, ‘द बोर्ड इज बीइंग क्लीन्ड.’ डस्टर खाली ठेवले की, ‘द बोर्ड हॅज बीन क्लीन्ड.’ दुसऱ्या दिवशी, ‘द बोर्ड वॉज क्लीन्ड यस्टर्डे.’ तीन वाक्ये, तीन वेळा. खर्च काही नाही, आणि मूल ते विसरत नाही.

त्या मुलाकडूनही मी दुसऱ्या वर्षी अशीच तीन वाक्ये घोटून घेतली. त्या वेळचा अर्ज त्याने स्वतःच लिहिला. मी फक्त एकदा नजर टाकली. ‘द फी हॅज बीन पेड. द रिसीट इज अटॅच्ड.’ जागा मिळाली. म्हैस काही परत आली नाही; पण पहाटेची एस.टी. सुटली.

तेव्हा तुमच्या हातून असा कागद जाणार असेल, तर तो पाकिटात घालण्यापूर्वी एकदा थांबा आणि स्वतःला विचारा: काम चालले आहे, काल झाले, की आज झालेले आहे? उत्तर मराठीत नक्की करा आणि मगच इंग्रजी लिहा.