इंडोनेशियन भाषेतील उपसर्ग आणि प्रत्यय

इंडोनेशियन भाषेतील उपसर्ग आणि प्रत्यय ही त्या भाषेतील शब्दसिद्धीची प्रमुख साधने आहेत. मलय भाषेवर आधारलेली इंडोनेशियन ही ऑस्ट्रोनेशियन कुळातील भाषा असून १९४५ च्या राज्यघटनेनुसार ती इंडोनेशियाची राजभाषा आहे. तिच्यातील क्रियापदे काळ, लिंग किंवा पुरुष यांनुसार बदलत नाहीत. मूळ शब्दाला जोडलेल्या घटकांमुळे मात्र त्याचा अर्थ, प्रयोग आणि जात बदलते. शब्दकोशात साधित शब्द सामान्यतः मूळ शब्दाखाली दिलेले असतात. त्यामुळे मूळ शब्द ओळखता आला नाही, तर अभ्यासकाला अर्थ सापडत नाही.

एका मूळ शब्दाचा विस्तार

‘तुलिस’ या मूळ शब्दाचा अर्थ ‘लिहिणे’ असा आहे. त्यापासून पुढील शब्द तयार होतात :

- मनुलिस – लिहिणे (कर्तरी रूप)
- दितुलिस – लिहिले जाणे (कर्मणी रूप)
- तरतुलिस – लिहिलेले, लेखी
- पनुलिस – लेखक
- तुलिसान – लिखाण
- पनुलिसान – लेखनाची क्रिया

आहार, विहार, प्रहार, संहार या शब्दांत उपसर्गाने अर्थ कसा पालटतो, हे मराठी वाचकाला परिचित आहे. इंडोनेशियन उपसर्ग याखेरीज कर्तरी व कर्मणी प्रयोगही दाखवतात.

आद्य वर्णाचा लोप

‘मनुलिस’ आणि ‘पनुलिस’ या रूपांत मूळ ‘त’ दिसत नाही. या दोन उपसर्गांच्या अंती अनुनासिक असते आणि मूळ शब्दाच्या आरंभीचा कठोर वर्ण त्यात लोपतो. ‘त’चा ‘न’, ‘प’चा ‘म’ व ‘क’चा ‘ङ’ होतो, म्हणजे त्या त्या वर्गाचे अनुनासिक येते; ‘स’च्या जागी ‘ञ’ येतो. उदाहरणार्थ, पुकुल (मारणे) – ममुकुल, किरिम (पाठवणे) – मङिरिम, सापु (झाडू) – मञापु (झाडणे). मृदू वर्ण मात्र टिकतो : बाचा (वाचणे) – मम्बाचा.

स्वरारंभी शब्दापूर्वीही ‘ङ’ येत असल्याने काही रूपे द्व्यर्थी ठरतात. ‘मङुकुर’ हे रूप ‘उकुर’पासून आले असल्यास त्याचा अर्थ ‘मोजणे’, तर ‘कुकुर’पासून आले असल्यास ‘(नारळ) खवणे’ असा होतो. अशा वेळी संदर्भ पाहूनच निर्णय करावा लागतो.

अर्थभेदाची अन्य उदाहरणे

‘तर-’ हा उपसर्ग क्रियापदाला लागल्यास अनेकदा हेतूचा अभाव दर्शवतो : तिदुर (झोपणे) – तरतिदुर (नकळत झोप लागणे). विशेषणाला लागल्यास तो श्रेष्ठत्व दाखवतो : बसार (मोठा) – तरबसार (सर्वांत मोठा).

‘क-…-आन’ ही जोडी शब्दाच्या दोन्ही बाजूंना लागते : आदिल (न्यायी) – कआदिलान (न्याय), हुजान (पाऊस) – कहुजानान (पावसात सापडणे).

‘-इ’ आणि ‘-कान’ या प्रत्ययांतील भेदही महत्त्वाचा आहे. दुदुक (बसणे) या शब्दापासून झालेल्या ‘मन्दुदुक्कान’चा अर्थ ‘बसवणे’, तर ‘मन्दुदुकि’चा एक अर्थ ‘(प्रदेश) ताब्यात घेणे’ असा आहे.

संस्कृतमधून आलेले घटक

‘-वान’ व ‘-वाति’ हे व्यक्तिवाचक प्रत्यय संस्कृतमधून आले आहेत : वार्तावान (पत्रकार), वार्तावाति (स्त्री पत्रकार). ‘माहासिस्वा’ म्हणजे महाविद्यालयीन वा विद्यापीठीय विद्यार्थी. या शब्दात ‘महा’ आणि ‘शिष्य’ हे संस्कृत शब्द आहेत.